गणपतीला गावच्या घरी लॅनवर क्वेक: सेटअप कसा लावायचा आणि काय काय खेळायचं

गणपतीत कोकणातल्या घरी दोन गोष्टी हमखास होतात, घर माणसांनी भरतं आणि मोबाईलचं नेट झोपतं. सगळे चाकरमानी एकदम उतरतात, वाडीला टॉवर एकच, त्यामुळे आताचा कुठलाही ऑनलाइन गेम लॉगिनच्या पुढे सरकत नाही आणि पोरंटोरं फोन वर धरून सड्यावर रेंज शोधत फिरतात. मला मनापासून वाटतं की या पाच-सात दिवसांसाठी १९९६ चा क्वेक हा बंदुकांचा शूटर हाच खरा गेम आहे. तो बनवलाच होता एका छपराखालच्या, वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी, म्हणजेच लॅनसाठी. इंटरनेट लागत नाही, भारी ग्राफिक कार्ड लागत नाही, आणि पूर्ण गेमचा मूळ डेटा ५०-५५ एमबीत बसतो म्हणजे कुठल्याही जुन्या पेनड्राइव्हवर मावतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, म्हणजे निघायच्या आधी मुंबई-पुण्यातच तयारी करता येईल, गावी पोचल्यावर डाउनलोड करत बसायची वेळ येणार नाही.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण सेटिंग करताना ते कामाला येतं. इड सॉफ्टवेअरचा डूम आला डिसेंबर १९९३ ला, त्यात चौघं नेटवर्कवर खेळू शकायचे पण सगळी मशीन्स एकमेकांची वाट बघत एका तालात चालायची, एक जण अडकला की चौघंही अडकले. क्वेकमध्ये इडचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅकने ते बदललं. एक मशीन सर्व्हर म्हणजे खेळ चालवणारं, बाकीचे क्लायंट म्हणजे त्याला जोडलेले, कोणीही मधेच येऊन जॉइन व्हायचं, मधेच जेवायला उठून जायचं, गेम चालूच. पण मूळ क्वेकमध्ये तुम्ही पुढे जायची की दाबली की ती आधी सर्व्हरकडे जायची आणि तिकडून उत्तर आल्यावरच स्क्रीनवर तुमचं पाऊल पडायचं. लॅनवर हे कळतही नाही. डायल-अप मोडेमवर मात्र प्रत्येक पाऊल उशिरा पडायचं आणि खेळणं जिकिरीचं व्हायचं, म्हणून कारमॅकने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्वेकवर्ल्ड काढलं, ज्यात आपलं मशीन स्वतःच आपल्या हालचालीचा अंदाज बांधून लगेच दाखवतं आणि सर्व्हरचं उत्तर आलं की दुरुस्त करून घेतं. आज आपण जे काही ऑनलाइन शूटर खेळतो त्यातल्या बहुतेकांच्या पोटात हीच कल्पना आहे. आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट सर्वसामान्यांना मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही टेलिफोनच्या वायरवरून, आणि पावसात कोकणातल्या त्या वायरींचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे तो पहिला जमाना आपल्यातल्या बहुतेकांच्या हातून निसटला. तो आता खेळून बघायला काहीच हरकत नाही.

तर सामान. घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा की जुना लॅपटॉप असेल तर घेऊन ये, आठ-दहा वर्षांचा असला तरी चालेल. माउस मात्र प्रत्येकाने आणायचाच, टचपॅडवर क्वेक खेळता येत नाही म्हणजे नाहीच. हेडफोन असले तर बरं, कारण क्वेकमध्ये अर्धा खेळ कानावर आहे, कोण कुठल्या बाजूने उडी मारतोय, कोणी चिलखत उचललं, सगळं आवाजावरून कळतं.

गेम विकत घ्यायचा तर स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन दुकानांत मिळतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याची नवी रिमास्टर आवृत्ती आली, ती त्याच खरेदीत येते आणि मूळ फाइल्सही सोबत असतात. आपल्याला हव्यात त्या मूळ फाइल्स, म्हणजे आयडी१ (id1) नावाच्या फोल्डरमधल्या पॅक० (pak0.pak) आणि पॅक१ (pak1.pak). घरात कोणाकडेच विकतची कॉपी नसेल तर शेअरवेअर आवृत्ती आहेच, त्यात पॅक० एवढंच असतं आणि पहिला एपिसोड पूर्ण खेळता येतो, मल्टिप्लेअरसकट, आणि तो वाटायला परवानगीच आहे. पण एक लक्षात ठेवा, सगळ्यांकडे एकच डेटा पाहिजे. सर्व्हरवर पूर्ण गेम आणि एखाद्या भावाकडे नुसतं शेअरवेअर असं झालं तर शेअरवेअरबाहेरचा मॅप लागला की तो बाहेर फेकला जाणार.

मूळ गेम डॉसचा, तो आजच्या विंडोजवर तसाच चालवायच्या भानगडीत पडू नका. डिसेंबर १९९९ मध्ये इड सॉफ्टवेअरने क्वेकचा सोर्स कोड जीपीएल लायसन्सखाली खुला केला आणि तेव्हापासून लोकांनी त्यावरून एकाहून एक इंजिनं, म्हणजे मूळ डेटा घेऊन गेम चालवणारे प्रोग्रॅम, बनवलीत, तीही फुकट. त्यातलं क्वेकस्पाझम घ्या. आयर्नवेल जास्त वेगवान आहे आणि मोठमोठ्या नव्या मॅप्सना झकास आहे पण त्याला ओपनजीएल ४.३ चालवणारं ग्राफिक कार्ड लागतं, व्हीकेक्वेक या इंजिनाला व्हल्कन चालवणारं, आणि मामाचा जुना लॅपटॉप तिथेच हात टेकतो. क्वेकस्पाझम जवळजवळ कशावरही चालतं, लिनक्सवर आणि मॅकवरपण. एका पेनड्राइव्हवर क्वेक नावाचं फोल्डर करा, त्यात क्वेकस्पाझमच्या फाइल्स टाका, त्यातच आयडी१ फोल्डर, त्यात पॅक फाइल्स, झालं. इन्स्टॉल वगैरे काही नाही, हे फोल्डर प्रत्येक मशीनवर कॉपी केलं की गेम तयार. सगळ्यांकडे इंजिनची एकच आवृत्ती असू द्या, नाहीतर कनेक्ट होताना उगाच डोकेदुखी.

संगीत विसरू नका. क्वेकचं संगीत ट्रेंट रेझनरने केलंय, नाइन इंच नेल्सवाला, आणि गेममध्ये खिळ्यांच्या खोक्यांवर त्याच्या बँडचा लोगो छापलेला आहे तो मुद्दाम बघा. हे संगीत मुळात सीडीवर गाण्याच्या ट्रॅकसारखं होतं म्हणून नुसत्या पॅक फाइल्समध्ये ते नसतं. रिमास्टरच्या फोल्डरमध्ये आयडी१ च्या आत म्युझिक नावाचं फोल्डर आहे, ते उचलून आपल्या आयडी१ मध्ये ठेवा. याला गाणी म्हणता येणार नाहीत, कुठेतरी लांब काहीतरी घासतंय, कोणीतरी श्वास घेतंय असले आवाज आहेत, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना माजघरात बसून हेडफोनवर ऐकलं की अंगावर काटा येतो.

आता नेटवर्क, आणि इथे कोकणातलं घर आपला हिसका दाखवतं. चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफाय नीट जात नाही. राउटर ओटीवर आणि तुम्ही मागच्या पडवीत, मधे दोन भिंती, की सिग्नल अर्धा मेला आणि गेम अडखळायला लागला. त्यामुळे शक्यतो सगळे एकाच खोलीत बसा आणि वायर वापरा. पाच पोर्टचा साधा नेटवर्क स्विच आणि चार-पाच लॅन केबल एवढंच लागतं, हे मुंबईतूनच घेऊन या, गावात ऐनवेळी मिळेल न मिळेल. एक केबल १०० मीटरपर्यंत चालते म्हणजे एखाद्याला माळ्यावर बसायचं असेल तर केबल वर सोडता येते. पातळ नवीन लॅपटॉपला लॅनचं भोकच नसतं, त्यांना यूएसबीचा अडॅप्टर लागेल. स्विच नसेल तर घरातला राउटर, त्याला इंटरनेट येत नसलं तरी चालतं, आपल्याला फक्त मशीन्स एकमेकांशी जोडायच्यात. राउटरही नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून डेटा बंद ठेवा, बऱ्याच फोनवर काम होतं, पण काही फोन जोडलेल्या मशीन्सना आपसात बोलूच देत नाहीत, म्हणून निघायच्या आधी घरी एकदा तपासून घ्या.

नुसत्या स्विचवर जोडलंय आणि राउटर नाही अशा वेळी आयपी पत्ते हाताने दिलेले बरे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन पहिल्याला १९२.१६८.१.११, दुसऱ्याला १९२.१६८.१.१२ असं करत जायचं आणि सबनेट मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०. कागदावर लिहून भिंतीला लावा कोणाचा नंबर काय ते.

जे मशीन सगळ्यात चांगलं ते सर्व्हर. त्यावर मल्टिप्लेअरमध्ये न्यू गेम, मग टीसीपी/आयपी, मग किती जण, को-ऑप (सगळे मिळून राक्षसांशी) की डेथमॅच (एकमेकांशी), कुठला मॅप ते निवडून सुरू करा. पहिल्यांदा विंडोज फायरवॉल विचारेल की परवानगी देऊ का, तिथे प्रायव्हेट नेटवर्कला हो म्हणायचं. घाईत कॅन्सल दाबलं की मग बाकी कोणालाच सर्व्हर दिसत नाही आणि अर्धी रात्र केबल बदलण्यात जाते. बाकीच्यांनी जॉइन गेममध्ये जाऊन लोकल गेम शोधायचा, नाही सापडला तर सर्व्हरचा आयपी टाकायचा. तरीही नाही झालं तर फायरवॉलमध्ये जाऊन क्वेकस्पाझमलाच परवानगी द्या, नुसता यूडीपीचा २६००० पोर्ट उघडून भागेलच असं नाही, सर्व्हर त्यावर फक्त नवी जोडणी ऐकतो. एवढं करून अडलेलं मी तरी पाहिलं नाही.

सेटिंगमध्ये फार खोलात जायची गरज नाही पण चार गोष्टी कराच. हालचालीला डब्ल्यू-ए-एस-डी आणि बघायला माउस, ऑलवेज रन चालू. विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन बंद, नाहीतर हात तेवढाच हलवला तरी नेम कधी इथे कधी तिथे. फ्रेमरेट ७२ वरच राहू द्या, जुन्या क्वेकची भौतिकी त्याच्याशी बांधलेली आहे, वर चढवला की लिफ्ट आणि उड्या विचित्र वागायला लागतात. आणि टेक्स्चरचं गुळगुळीत करणं बंद करा, ते चालू असलं की सगळे राक्षस मेणाचे दिसतात, बंद केलं की जुने टोकदार पिक्सेल दिसतात आणि क्वेकचा तो मळकट तपकिरी रंग खरा शोभतो. नाव आणि शर्ट-पँटचा रंग प्रत्येकाने वेगळा घ्या.

पहिल्या रात्री डेथमॅच लावू नका, हे माझं ठाम मत. घरात एखादा सरावलेला असतोच, तो नवख्यांना दहा मिनिटांत इतक्या वेळा मारतो की ते उठून पत्ते खेळायला जातात आणि परत येत नाहीत. आधी को-ऑप. पूर्ण गेम चौघांनी मिळून खेळता येतो, आजच्या शूटरमध्ये हे सुख दुर्मिळ झालंय. न्यू गेममध्ये टीमप्ले नो फ्रेंडली फायर करा आणि को-ऑपपुरता सगळ्यांनी पँटचा रंग एकच ठेवा, क्वेक टीम पँटच्या रंगावरूनच ओळखतो, म्हणजे आपला रॉकेट आपल्याच बहिणीला लागणार नाही. को-ऑपमध्ये एकाने बंदूक उचलली तरी ती तिथेच राहते, सगळ्यांना मिळते, किल्लीपण तशीच. मेलात तर मॅपच्या सुरुवातीला परत येता, त्या मॅपमध्ये उचललेल्या बंदुका गेलेल्या असतात, त्यामुळे मागे राहिलेल्याला बंदुकांपर्यंत सोबत करायची आणि मगच पुढे जायचं. मल्टिप्लेअरमध्ये सेव्ह होत नाही, म्हणून उठताना मॅपचं नाव लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी न्यू गेममध्ये तोच मॅप निवडता येतो.

ई१एम७ ला, म्हणजे पहिल्या एपिसोडच्या सातव्या मॅपला, क्थॉन भेटतो, लाव्हातून वर येणारा भलामोठा. त्याला गोळ्या घालत बसू नका, तो गोळ्यांनी मरतच नाही. वरच्या बाजूला बटणं आहेत, ती दाबून विजेचे खांब खाली आणायचे आणि मग त्याला शॉक द्यायचा. चौघं असतील तर दोघांनी खाली धावत राहून त्याचं लक्ष खेचायचं आणि दोघांनी बटणांकडे पळायचं. हे नवख्यांना आधी सांगू नका, त्यांना शोधू द्या, ज्या क्षणी कोणाच्यातरी डोक्यात ट्यूब पेटते आणि तो ओरडतो "अरे बटण बटण, वरती बघा" तो क्षण फार भारी असतो.

हात बसला की डेथमॅच. दोघं-तिघं असाल तर डीएम४ किंवा डीएम६, लहान मॅप आहेत, सारखी गाठ पडते. जास्त जण असाल तर डीएम३. शेअरवेअरवाल्यांनी ई१एम२ लावा आणि हे जाणून लावा की १९९७ च्या रेड अ‍ॅनिहिलेशन स्पर्धेची फायनल याच मॅपवर झाली, डेनिस फाँग उर्फ थ्रेश जिंकला आणि त्याला बक्षीस म्हणून कारमॅकने स्वतःची लाल फेरारी ३२८ दिली. थ्रेशसारख्या खेळाडूंमुळेच डब्ल्यू-ए-एस-डी आणि माउस ही पद्धत पसरली, आज कोणालाही शिकवावी लागत नाही.

डेथमॅचमध्ये नेम चांगला असून भागत नाही, घड्याळ लागतं. चिलखत उचललं की २० सेकंदांनी परत येतं, बंदूक ३० सेकंदांनी, क्वाड डॅमेज (ज्याने आपला मारा चौपट होतो) उचलल्यापासून ६० सेकंदांनी आणि त्याचा असर राहतो ३०. लाल चिलखत २०० चं, पिवळं १५०, हिरवं १००. जो हे आकडे मनात मोजत खेळतो तो मॅपचा मालक होतो. माझी मामेबहीण शिकायला लागली तेव्हा मोठ्याने मोजायची, "सतरा, अठरा, एकोणीस" आणि विसाला बरोब्बर लाल चिलखताच्या चौथऱ्यावर उभी, बाकी सगळ्यांना ऐकू जायचं आणि सगळे तिकडेच धावायचे, चौघं एकदम त्या एका जागेवर, रॉकेटवर रॉकेट. मोजणं मनात ठेवायला लागली आणि त्याच दिवसापासून तिला हरवणं अवघड झालं.

रॉकेट लाँचर ही या खेळातली मुख्य बंदूक. माणसावर नेम धरू नका, त्याच्या पायाजवळच्या जमिनीवर धरा, स्फोटाचा झटका लागतोच. रॉकेट जंप म्हणजे खाली बघायचं, उडी आणि फायर एकदम, वरच्या मजल्यावर. स्वतःच्या रॉकेटची इजा निम्मीच धरली जाते तरी तब्येत चांगली असतानाच करा. ग्रेनेड अडीच सेकंदांत फुटतो, दार बंद करायला वापरा, म्हणजे पाठलाग होतोय तर पळता पळता मागे टाकायचा. आणि विजेची बंदूक, थंडरबोल्ट, पाण्यात उभं राहून कधी चालवू नका, सगळी वीज एकदम सुटते आणि पाण्यातले सगळे मरतात, तुम्हीसुद्धा. पाण्यात तुमच्यासोबत तिघं असतील आणि तुम्ही नाहीतरी मरणारच असाल तर मात्र जरूर चालवा.

घरातल्या काही गोष्टी. लाईट जाणारच, लॅपटॉपला बॅटरी असते पण स्विच आणि राउटरला नसते, म्हणून राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घेऊन या, त्याच्यावर काही तास निघतात. ढग गडगडायला लागले की चार्जर, राउटर, लांबलचक केबल सगळं काढून ठेवा, जुन्या घरात अर्थिंगचा भरवसा नसतो. आरतीची घंटा वाजली की सर्व्हर तसाच चालू ठेवून सगळ्यांनी उठायचं, डेथमॅच कोणासाठी थांबत नाही पण सगळेच उठले तर कोणी कोणाला मारत नाही. गेममध्ये रक्त आणि मांसाचे गोळे भरपूर उडतात, अगदी लहान मुलांना समोर बसवू नका आणि गणपतीच्या खोलीत तर मांडूच नका, पडवी बरी. दमट हवेत आणि खाऱ्या वाऱ्यात केबलच्या पिनांवर बुरशीसारखा थर चढतो, दरवर्षी तीच केबल आणत असाल तर कोरड्या कापडाने पुसून हवाबंद डब्यात ठेवा.

एकच लॅपटॉप आणि एक टीव्ही एवढंच असेल तर रिमास्टर लावा, त्यात स्प्लिट-स्क्रीन आहे, कंट्रोलर जोडून चौघं एकाच टीव्हीवर बसू शकतात. पण मग सगळ्यांना सगळ्यांचा स्क्रीन दिसतो आणि लपूनछपून काही करता येत नाही. मला वायरवालाच आवडतो.

विसर्जन झालं, मंडळी परत गेली, की पुढे इंटरनेटवर खेळत राहायचं तर क्वेकवर्ल्ड. त्यासाठी ईझीक्वेक हा क्लायंट आहे, एनक्वेक नावाच्या पॅकेजमधून सगळं एकदम बसतं. युरोपातल्या सर्व्हरवर अजूनही लोक रोज खेळतात, पण तिथलं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कमी होणार नाही हे मनाशी धरून चला. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, मुंबई ते लंडन सरळ अंतर सात हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन-येऊन सत्तर मिलिसेकंद निव्वळ वायरमध्येच गेले, आणि केबल काही सरळ जात नाही, शिवाय तुमचं पॅकेट देवगडहून आधी मुंबईला जाणार ते वेगळंच. स्वतःची हालचाल तरीही झटपट वाटते, क्वेकवर्ल्डचा अंदाज तेवढं सांभाळतो, पण समोरचा जिथे दिसतो तिथे तो खरं तर थोडा आधी होता, म्हणून रॉकेट त्याच्या जाण्याच्या दिशेने बरंच पुढे टाकायचं.

भावंडांनी आपसातच खेळायचं असेल तर एकाने सर्व्हर चालवा, पोर्ट २७५००, यूडीपी. मोबाईल नेटवर बाहेरून कोणाला आत येता येत नाही म्हणून ज्याच्याकडे फायबर आहे त्याने होस्ट व्हावं, आणि राउटरमध्ये पोर्ट उघडणं जमत नसेल तर झिरोटियरसारखं काहीतरी सगळ्यांनी टाकून घ्या, त्याने लांबलांबची मशीन्स एकाच लॅनवर असल्यासारखी जोडली जातात. होस्ट करणाऱ्याचं पिंग जवळजवळ शून्य असतं आणि क्वेकमध्ये त्याचा फार फायदा होतो, त्यामुळे बाहेरून जोडून घेता येईल असं नेट दोघा-तिघांकडे असेल तर दर मॅपला होस्ट बदलत राहा.